गुरांच्या डॉक्टरला सापडलेलं आपलेपण

निसर्गात कुणी कुणाला कातडी दान करत नाही. एका उंदराच्या अंगावर दुसऱ्या उंदराच्या त्वचेचं ठिगळ रानात कधी लागलेलं नाही, आणि एका माकडाचं मूत्रपिंड दुसऱ्या माकडात कधी बसलेलं नाही. पण प्रयोगशाळेत असं ठिगळ लावून पाहिलं, तर ते काही दिवसांतच काळवंडतं आणि गळून पडतं. शरीराला परकं मांस ओळखता येतं. हे ओळखणं पेशींच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक रेणूंवर अवलंबून असतं, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्पष्ट झालं होतं. पीटर गोरर आणि जॉर्ज स्नेल यांनी उंदरांमध्ये या रेणूंच्या जनुकांचा पत्ता लावला, त्यांना एच-टू म्हणतात. माणसातले त्यांचे भाऊबंद ज्याँ दोसे यांच्या कामातून पुढे आले, त्यांना एचएलए म्हणतात. ज्याच्या घरात कुणाचं मूत्रपिंड बदललं आहे त्याने हे शेवटचं नाव दवाखान्याच्या फायलीत नक्की वाचलेलं असतं.

इथे एक कोडं होतं, आणि ते मला आजही अंगावर येतं. हे रेणू जवळपास प्रत्येक पेशीवर असतात. ते इतके विविध असतात की सख्ख्या भावंडांचेही बहुधा जुळत नाहीत. प्रत्यारोपण तर माणसाने कालपरवा सुरू केलं. मग कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीने, कधी होणारच नाही अशा प्रसंगासाठी, इतकी काटेकोर व्यवस्था का सांभाळली असेल? हे रेणू पेशीवर बसून करतात तरी काय?

उत्तर 1973 साली ऑस्ट्रेलियात कॅनबेरामध्ये मिळालं. ज्या दोघांना ते मिळालं त्यांना प्रत्यारोपणात रस नव्हता. त्यातला एक तर गुरांचा डॉक्टर होता.

पीटर डोहर्टी यांचा जन्म 1940 सालचा, ब्रिस्बेनचा. क्वीन्सलँड विद्यापीठातून ते 1962 साली पशुवैद्य झाले आणि सरकारी खात्यात रुजू झाले. सुरुवातीचं काम गुरांमधल्या लेप्टोस्पायरोसिसवर होतं, म्हणजे कोकणात पावसाळा आला की ज्याची धास्ती असते त्या ‘लेप्टो’वर. तिथून ते स्कॉटलंडला गेले. एडिंबराजवळच्या मोरेडन संस्थेत मेंढ्यांच्या एका मेंदूज्वरावर त्यांनी संशोधन केलं आणि 1970 मध्ये पीएच.डी. मिळवली. गोचिडीतून पसरणारा हा रोग झाला की मेंढ्या अडखळतात, थरथरतात, विचित्र उड्या मारतात. त्याला इंग्रजीत लूपिंग-इल म्हणतात. या रोगाचा विषाणू आपल्यापासून वाटतो तितका दूरचा नाही. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात 1957 साली माकडं मरू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने ज्याचा छडा लावला आणि जो अलीकडे सिंधुदुर्गात, गोव्याच्या सत्तरीत माणसांना गाठतो आहे, त्या माकडतापाचा विषाणू याच कुळातला आहे.

मेंढ्यांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना रक्तवाहिन्यांभोवती पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. विकृतिशास्त्र शिकलेल्या कुणालाही ती ओळखीची असते. पण त्या पेशी तिथे काय करतात? जनावर वाचवतात की मारतात? हा प्रश्न सोडवायचा तर नुसते काप पाहून भागत नाही, जिवंत पेशींना काम करताना पाहावं लागतं. त्यासाठी रोगप्रतिकारशास्त्र शिकायला डोहर्टी 1972 मध्ये कॅनबेराच्या जॉन कर्टिन संस्थेत आले. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मेंढ्या नव्हत्या. होते उंदीर आणि त्यांच्यातला एक विलक्षण विषाणू.

त्याचं नाव लांबलचक आहे, लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस विषाणू. त्याच्यावर काम करणारे त्याला नुसतं एलसीएमव्ही म्हणतात, आपणही तेच म्हणू. अमेरिकेत 1930 च्या दशकात तो सापडला. एरिख ट्राउब यांनी तेव्हाच पाहिलं होतं की पिल्लाला हा विषाणू आईच्या पोटातच लागला, तर ते जन्मभर त्याला अंगात वागवतं आणि तरीही धडधाकट राहतं. हाच विषाणू मोठ्या उंदराच्या मेंदूत टोचला, तर आठवडाभरात त्याला झटके येतात आणि तो मरतो. आता खरी गंमत पाहा. टोचण्याआधी त्या मोठ्या उंदराची प्रतिकारशक्ती औषधाने दाबून टाकली, तर तो मरत नाही. विषाणू मेंदूत तसाच वाढत राहतो आणि उंदीर हिंडत-फिरत, खात राहतो. एलसीएमव्ही ज्या पेशीत शिरतो तिला फारसा मोडत नाही. उंदराला मारतात त्याच्या स्वतःच्या टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार. त्या मेंदूच्या आवरणात घुसतात आणि विषाणूने बाधलेल्या पेशी नष्ट करत सुटतात. बरं होण्याची आणि मरण्याची वाट इथे एकच आहे. डोहर्टींच्या मेंढ्यांच्या प्रश्नाला हवा होता तसा हा प्राणी होता.

1973 च्या सुरुवातीला स्वित्झर्लंडहून रोल्फ झिंकरनागेल तिथे आले. बाझलचे, वैद्यकशास्त्र शिकलेले, तिशीच्या आतले. जागेची टंचाई होती म्हणून दोघांना एकच प्रयोगशाळा मिळाली. झिंकरनागेलना काम करता करता मोठ्याने ऑपेरा गायची सवय होती आणि डोहर्टींना त्याचा त्रास नव्हता, अशी आठवण त्या दिवसांबद्दल सांगतात. विज्ञानाच्या इतिहासात अशा शेजारांचं मोल फार असतं. एकाकडे उंदराच्या मेंदूतल्या द्रवातून पेशी गोळा करण्याचं कसब होतं, आणि दुसरा लोझानमध्ये एक मोजणी शिकून आला होता.

ही मोजणी मला फार आवडते, कारण ती अदृश्य मृत्यूला आकडा देते. काचेच्या तबकडीत पेशी वाढवायच्या. त्यांना किरणोत्सारी क्रोमियम-51 पाजायचं, ते त्यांच्या आत जाऊन बसतं. त्यांना विषाणूची लागणही करायची. दुसरीकडे, आठवडाभरापूर्वी तोच विषाणू टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतून किंवा मेंदूतल्या द्रवातून टी-पेशी काढायच्या आणि वरून सोडायच्या. टी-पेशीने एखादी पेशी मारली की तिचं आवरण फाटतं आणि क्रोमियम बाहेरच्या द्रवात येतं. काही तासांनी तो द्रव यंत्राखाली धरायचा. किरणं जितकी जास्त, तितक्या पेशी मेल्या. पहिल्याच प्रयोगांत आकडे झोकात आले. मेंदूत शिरणाऱ्या टी-पेशी बाधित पेशींना मारतात, हे समोर दिसत होतं.

मग त्यांनी एक अगदी साधा प्रश्न विचारला. उंदरांच्या वेगवेगळ्या जातींत हा रोग कमी-जास्त तीव्र असतो. ज्या जातीत तो तीव्र, तिच्या टी-पेशी जास्त मारक असतील का? त्यांनी निरनिराळ्या जातींचे उंदीर घेतले, सगळ्यांना विषाणू टोचला, आणि सगळ्यांच्या टी-पेशी त्याच एका प्रकारच्या बाधित पेशींवर सोडल्या.

काही जातींच्या टी-पेशींनी नेहमीसारखा फडशा पाडला. बाकीच्यांनी काहीच केलं नाही. क्रोमियम जिथल्या तिथे.

इथे एखाद्याने तबकड्या फेकून दिल्या असत्या आणि म्हटलं असतं, काहीतरी बिघडलं. पण ‘निष्क्रिय’ टी-पेशी ज्यांच्यातून काढल्या होत्या ते उंदीर त्याच विषाणूने आजारी पडत होते. म्हणजे त्यांच्या टी-पेशी त्यांच्या स्वतःच्या मेंदूत चोख काम करत होत्या. त्या तबकडीतच गप्प का? दोघांनी जातींची यादी पाहिली. तबकडीत वापरलेल्या पेशी सीथ्रीएच नावाच्या जातीच्या उंदरापासून कित्येक वर्षांपूर्वी काढून वाढवलेल्या होत्या. त्यांचा एच-टू प्रकार ‘के’ होता. ज्या जातींच्या टी-पेशींनी त्या मारल्या, त्या सगळ्यांचा प्रकारही ‘के’च होता, त्यांच्या आवडत्या सीबीए जातीसह. गप्प बसलेल्या जातींचे प्रकार वेगळे होते. सुरुवातीला योगायोगाने जुळणारा उंदीर हाती होता म्हणून पहिले प्रयोग यशस्वी झाले. दुसऱ्या जातीचा उंदीर घेऊन सुरुवात झाली असती, तर कदाचित ‘टी-पेशी मारत नाहीत’ अशी नोंद करून वही मिटली असती.

उलटतपासणी लगेच झाली. ‘बी’ प्रकारच्या उंदरांच्या टी-पेशींना ‘बी’ प्रकारच्या बाधित पेशी दिल्या, तर त्यांनी त्या मारल्या. दोन जातींच्या संकरातून झालेल्या पिल्लाच्या टी-पेशी आईच्या आणि बापाच्या दोन्ही प्रकारच्या बाधित पेशी मारत होत्या. विषाणू सगळीकडे तोच होता. फरक फक्त पेशी ‘घरची’ आहे की नाही, एवढाच. एप्रिल 1974 मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात जेमतेम दोन पानांचा लेख आला. अशा खुणा त्या काळात इतरांनाही दिसू लागल्या होत्या. अमेरिकेत एथन शेवाख आणि अॅलन रोझेन्थाल यांना गिनीपिगांमध्ये, जीन शिअरर यांना रसायन चिकटवलेल्या पेशींमध्ये. पण विषाणू, टी-पेशी आणि प्रत्यारोपणाचे रेणू या तिघांना एका वाक्यात बांधलं ते कॅनबेराच्या या दोघांनी.

त्या वाक्याचा अर्थ मनात उतरायला वेळ लागतो. रक्तात फिरणारी प्रतिपिंडं विषाणूला थेट पकडतात. टी-पेशी तसं करत नाही. मोकळा विषाणू तिच्या समोरून गेला तरी तिला तो दिसत नाही. तिला दिसते फक्त आपल्याच शरीराची पेशी, आणि त्या पेशीवरचा एच-टू किंवा एचएलए रेणू विषाणूमुळे जरासा बदलला आहे का, एवढंच. ती शत्रूला ओळखत नाही, आपल्यात झालेला बदल ओळखते. डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी यालाच ‘बदललेलं स्व’ म्हटलं.

असं का असावं? एकदा विषाणू पेशीच्या आत शिरला की प्रतिपिंड त्याला गाठू शकत नाही. पेशी बाहेरून साबूत दिसते. आत काय चाललंय हे कळायला काही तरी खूण बाहेर यायला हवी. समजा, एखाद्या गावात असा रिवाज आहे की प्रत्येक घराने आत जे काही शिजेल त्याचा एक घास सतत बाहेर उंबऱ्यावर ठेवायचा. गस्तवाला दार उघडत नाही, घासांवरून नजर फिरवत जातो, आणि जिथे अनोळखी घास दिसला तिथे थांबतो. आपली प्रत्येक पेशी हेच करते. तिच्यात तयार झालेली प्रथिनं सतत तुकडे-तुकडे होत असतात. त्यातले काही तुकडे एचएलए रेणूच्या खाचेत बसून पृष्ठभागावर येतात. पेशी निरोगी असेल तर तुकडे घरचेच असतात आणि टी-पेशी पुढे जाते. विषाणू आत असेल तर त्याच्याही प्रथिनांचे तुकडे त्याच वाटेने बाहेर येतात. पेशीवर असे रेणू लाखाच्या घरात असतात, आणि त्यात विषाणूचे तुकडे धरलेले मूठभर रेणू टी-पेशीला जागं करायला पुरतात.

शिवाय ही व्यवस्था टी-पेशीला चुकीच्या लढाईपासून वाचवते. तिचं हत्यार पेशी मारण्याचं आहे, रक्तातल्या सुट्या विषाणूंवर ते निरुपयोगी आहे. परकेपणा आणि आपलेपणा एकाच ठिकाणी दिसल्याशिवाय ती हलत नाही, म्हणून जिथे काम आहे तिथेच ती थांबते.

आणि आता ते पहिलं कोडं. परक्या माणसाच्या मूत्रपिंडावरचे एचएलए रेणू हे आपल्या टी-पेशींना एकदम ‘बदललेल्या स्व’सारखेच दिसतात. जणू त्या अवयवाची प्रत्येक पेशी बाधित आहे. टी-पेशी त्यावर तुटून पडतात. प्रत्यारोपण नाकारणं हे त्या रेणूंचं काम कधीच नव्हतं. खऱ्या कामाची ती पडछाया आहे. 1975 साली दोघांनी ‘लॅन्सेट’मध्ये हे मांडलं, तेव्हा अनेक दशकांचं एक अख्खं शास्त्र उलटं होऊन पुन्हा सुलटं उभं राहिलं.

तरीही 1975 मध्ये त्यांच्या हाती फक्त तर्क होता. टी-पेशीला विषाणू आणि स्व असे दोन वेगळे हात लागतात, की दोन्ही मिळून झालेली एकच आकृती ती एका हाताने चाचपते, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. टी-पेशीच्या ग्राहक रेणूची जनुकं 1984 मध्ये मार्क डेव्हिस आणि टाक माक यांच्या गटांना मिळाली, आणि एकच ग्राहक पुरतो हे ठरत गेलं. ऑक्सफर्डला अॅलन टाउनसेंड यांनी 1986 मध्ये दाखवलं की फ्लूच्या विषाणूच्या आतल्या प्रथिनाचा छोटासा तुकडा बाहेरून दिला तरी टी-पेशी पेशीला मारतात. पूर्ण विषाणूची गरजच नाही. आणि 1987 मध्ये हार्वर्डच्या पामेला बियॉर्कमन, जॅक स्ट्रोमिंगर आणि डॉन वायली यांनी एचएलए रेणूचं स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याचं चित्र काढलं. वरच्या बाजूला एक लांबट खाच होती, दोन कडा आणि मध्ये दरी. त्या दरीत असं काही तरी होतं जे त्या प्रथिनाच्या साखळीत कुठेच बसत नव्हतं. तोच तो तुकडा, आठ-दहा अमिनो आम्लांचा. कॅनबेराच्या क्रोमियमच्या आकड्यांतून जे अनुमानलं होतं, ते चौदा वर्षांनी छायाचित्रासारखं समोर आलं. विज्ञानातले असे क्षण मला कुठल्याही महाकाव्याइतके मोठे वाटतात.

इथून एचएलएच्या वैविध्याचाही अर्थ लागतो. माणसात आज तीस हजारांहून जास्त एचएलए रूपं नोंदली गेली आहेत. मानवी जनुकसंचात इतकी विविधता दुसरीकडे कुठे नाही. प्रत्येक रूपाची खाच थोडी वेगळी, म्हणून प्रत्येक रूप विषाणूचे वेगळे तुकडे धरतं. एखादा विषाणू बदलत बदलत माझ्या खाचेतून निसटलाही, तरी तो तुमच्या खाचेत अडकेल. आईकडून एक आणि बापाकडून एक संच येतो, त्यामुळे ज्याचे दोन्ही संच वेगळे त्याला दुप्पट तुकडे दाखवता येतात. हा विचारही डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी 1975 मध्येच मांडला होता. पुढे एचआयव्हीच्या साथीत त्याला करुण पण ठोस पुष्टी मिळाली. बी-57 हे रूप असलेल्या काही माणसांच्या शरीरात तो विषाणू औषधांशिवायही वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो, कारण त्या खाचेत विषाणूचा असा भाग बसतो जो बदलला तर विषाणूचंच नुकसान होतं. अस्थिमज्जा जुळवताना दोन सख्खी भावंडं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. त्या वेळी घराला हा फरक शाप वाटतो. पण याच फरकामुळे कोणतीही साथ सगळ्यांना सारखीच गाठू शकत नाही.

टी-पेशीला ‘आपलं’ काय हे शिकवतं कोण? छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी. तिथे प्रत्येक कोवळ्या टी-पेशीची दुहेरी परीक्षा होते. आपले एचएलए रेणू तिला ओळखता येतात का, आणि ते ओळखताना ती आपल्याच तुकड्यांवर चवताळत तर नाही ना? पहिल्यात नापास झाली तर ती निरुपयोगी, दुसऱ्यात झाली तर धोकादायक. शंभरातल्या दोन-चारच बाहेर पडतात. आपल्या अंगात रोज चालणारी ही निवड फार कठोर आहे, आणि तिच्याविना आपण एक दिवसही सुरक्षित नसतो.

दोघे 1975 मध्ये वेगळ्या वाटांनी गेले. झिंकरनागेल कॅलिफोर्नियामार्गे झुरिकला, डोहर्टी फिलाडेल्फियाला, मग पुन्हा कॅनबेराला, मग 1988 मध्ये मेम्फिसच्या सेंट ज्यूड बालरुग्णालयात. 1996 चं वैद्यकाचं नोबेल दोघांना मिळालं, आणि पशुवैद्य असलेल्या माणसाला हा मान मिळण्याची ती पहिली वेळ होती. मेम्फिसमध्ये डोहर्टी फ्लूकडे वळले होते. लागण बरी झाल्यावर टी-पेशींची आठवण फुप्फुसात किती काळ आणि कशी टिकते, हा त्यांचा नवा ध्यास होता. त्याच सुमाराला विशिष्ट टी-पेशी थेट मोजण्याचं नवं साधन आलं होतं. 1998 मध्ये रफी अहमद आणि काजा मुरली-कृष्णा यांनी तोच जुना एलसीएमव्ही वापरून दाखवलं की संसर्गाच्या शिखरावर उंदराच्या सक्रिय झालेल्या मारक टी-पेशींपैकी 50 ते 70 टक्के त्या एकाच विषाणूसाठी तयार झालेल्या असतात. आधी वाटत होतं, बहुतेक पेशी नुसत्याच गर्दीत ओढल्या जातात. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक गर्दी कामावर आलेली होती.

हा विषाणू अजूनही शिकवतो आहे. त्याच्या चिवट प्रकारात टी-पेशी थकतात, दमतात, लढणं सोडतात. तो थकवा पीडी-1 नावाच्या रेणूमुळे येतो आणि तो रेणू अडवला की टी-पेशी पुन्हा उभ्या राहतात, हे अहमद यांच्या गटाने 2006 मध्ये याच उंदरांत दाखवलं. कर्करोगावरच्या ज्या औषधांनी आज कित्येकांचं आयुष्य वाढतं, ती औषधं हाच रेणू अडवतात.

मेलबर्नमधल्या डोहर्टींच्या नावाच्या संस्थेने जानेवारी 2020 मध्ये नवा करोनाविषाणू चीनबाहेर पहिल्यांदा प्रयोगशाळेत वाढवला आणि जगाला वाटला. पुढच्या दोन वर्षांत विषाणूने रूप बदलून प्रतिपिंडांना बरंच चकवलं. ओमायक्रॉन आला तेव्हा लस घेतलेल्यांनाही लागण झाली, पण त्यांच्या टी-पेशी बहुतांश तुकडे अजून ओळखत होत्या, कारण ते तुकडे विषाणूच्या अनेक भागांतून आलेले असतात आणि सगळे एकदम बदलणं विषाणूला परवडत नाही. गंभीर आजारापासून जे संरक्षण टिकलं, त्यात या ओळखीचा मोठा वाटा होता.

आता संशोधक ज्या प्रश्नाशी झगडत आहेत तो ऐकायला सोपा आहे. एखाद्या टी-पेशीच्या ग्राहक रेणूचा क्रम वाचला, तर ती कुठला तुकडा, कुठल्या एचएलएच्या खाचेत ओळखेल हे आधीच सांगता येईल का? क्रम आज लाखांनी वाचता येतात. संगणकाची ताकदही हाताशी आहे. काही ओळखीच्या तुकड्यांबाबत अंदाज बरा येतो. अनोळखी तुकडा समोर आला की तो कोलमडतो, आणि मग पुन्हा पेशी, पुन्हा तबकडी, पुन्हा मोजणी.